मांजराचं महाग खाद्य: ग्राहकाला परवडतं का, आणि तुम्ही दुकानात भरावं का?



पेट शॉप टाकायचं म्हणून जो कुणी भेटतो, त्याचा पहिला प्रश्न जागेचा असतो आणि दुसरा भांडवलाचा. तिसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, पण दुकान चालतं की बसतं हे बऱ्याचदा त्याच्यावरच ठरतं. तो प्रश्न असा: रॅकवर कोणता माल किती भरायचा?

नांदेड असो की लातूर, गेल्या काही वर्षांत घराघरात मांजर आलंय. आधी गल्लीतलं मांजर दारात यायचं, दूध-पोळी खाऊन जायचं. आता कुणी पर्शियन पिल्लू आणतं, कुणी रस्त्यावरचंच पिल्लू घरात घेऊन त्याला नाव ठेवतं. मग ते गिऱ्हाईक तुमच्या काउंटरवर येतं, एका हातात २२० रुपये किलोची पिशवी धरतं, दुसऱ्या हातात ८५० रुपये किलोची, आणि विचारतं, "दादा, ह्याच्यात अन् त्याच्यात फरक काय? चौपट पैसे द्यायचे कशासाठी?"

या प्रश्नाचं खरं उत्तर तुम्हाला देता आलं पाहिजे. "महाग आहे म्हणजे चांगलंच असणार" हे उत्तर नाही. "सगळं सारखंच असतं हो" हेही उत्तर नाही. आजच्या लेखात दोन हिशोब करू. एक ग्राहकाच्या बाजूचा, एक तुमच्या गल्ल्याच्या बाजूचा. दोन्ही जुळले तरच माल भरायचा.

आधी मांजर समजून घ्या

जी वस्तू विकायची तिचं मूळ माहीत पाहिजे. मांजर हा पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. कुत्रा माणसाच्या ताटातलं बरंच काही पचवून निभावून नेतो, मांजराला ते जमत नाही. तिच्या शरीराला काही घटक थेट मांसातूनच मिळावे लागतात. उदाहरणार्थ, गाजरातल्या बीटा-कॅरोटीनपासून आपलं शरीर अ जीवनसत्त्व बनवतं, मांजराचं शरीर बनवू शकत नाही.

दुसरा घटक टॉरिन. हे नाव पाठ करून ठेवा. टॉरिन कमी पडलं तर मांजराच्या डोळ्यांचा पडदा खराब होतो आणि हृदय कमजोर होतं. १९८७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यक पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिलं, की हृदय फुगून निकामी होत चाललेल्या मांजरांच्या रक्तात टॉरिन कमी होतं, आणि ते दिल्यावर मांजरं सुधारत होती. यातली महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. ही मांजरं उकिरड्यावर जगणारी नव्हती. ती बाजारातलं तयार खाद्य खात होती. त्यानंतर कंपन्यांनी खाद्यातलं टॉरिन वाढवलं आणि हा आजार खूप कमी झाला.

यातून दुकानदारानं दोन गोष्टी घ्यायच्या. पहिली, फक्त दूध-पोळी किंवा दूध-भातावर मांजर नीट जगत नाही. बऱ्याच मोठ्या मांजरांना तर दूध पचतही नाही, जुलाब होतात. दुसरी, कुत्र्याचं खाद्य मांजराला रोज चालत नाही, कारण त्यात मांजराच्या गरजेइतकं टॉरिन आणि प्रोटीन असेलच असं नाही. "घरात कुत्र्याची पिशवी आहे, तीच देतो" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला हे स्पष्ट सांगा. त्यात तुमची विक्री आहे, पण मांजराचा जीवही आहे.

'प्रीमियम' या शब्दाला वजन किती?

आता पिशवीवरच्या मोठ्या अक्षरांकडे येऊ. अमेरिकेच्या एफडीए या सरकारी यंत्रणेनं स्वच्छ सांगितलंय, की 'प्रीमियम', 'सुपर प्रीमियम', 'गुर्मे' असं लिहिलेल्या खाद्यात इतरांपेक्षा वेगळा किंवा चांगला माल असलाच पाहिजे असं बंधन नाही. थोडक्यात, हा शब्द जाहिरातीचा आहे. साडीच्या दुकानावर 'भव्य सेल' लिहावं तसा.

ब्रँडच्या नावावरूनही फार अंदाज बांधू नका. व्हिस्कस आणि रॉयल कॅनिन ही दोन नावं किमतीच्या दोन टोकांना दिसतात, पण दोन्हींची मालक मार्स ही एकच कंपनी. मार्सचा भारतातला पेट फूडचा कारखाना आपल्या शेजारी तेलंगणात, हैदराबादजवळ आहे. ड्रूल्स ही कंपनी छत्तीसगडच्या राजनांदगावच्या आयबी ग्रुपमधून पुढे आली आणि २०२५ मध्ये पुरिनाची मालक असलेल्या नेस्लेनं तिच्यात छोटा हिस्सा घेतला. म्हणजे 'हा देशी, तो विदेशी' किंवा 'हा स्वस्तवाला, तो महागवाला' अशी सरळ रेघ मारता येत नाही.

आणि किंमत म्हणजे सुरक्षिततेची हमी, हेही खरं नाही. मार्च २००७ मध्ये कॅनडाच्या मेन्यू फूड्स या कंपनीनं बनवलेलं कुत्र्या-मांजरांचं खाद्य अमेरिकेत परत मागवावं लागलं. चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन मिसळलेलं निघालं. जनावरांच्या किडन्या निकामी झाल्या. ही कंपनी अनेक ब्रँडसाठी माल बनवून द्यायची, त्यामुळे परत मागवलेल्या यादीत सुपरमार्केटचे स्वस्त ब्रँड होते आणि नावाजलेले महाग ब्रँडही होते.

मेलामाइन कशासाठी मिसळलं? प्रोटीन मोजण्याची नेहमीची पद्धत म्हणजे नायट्रोजन मोजायचा आणि त्याला ६.२५ ने गुणायचं. मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर असतो, म्हणून कागदावर प्रोटीन जास्त दिसतं. दुधात युरिया घालून फॅट-एसएनएफचा खेळ करणारे आपल्याला माहीत आहेत, तसलाच हा प्रकार. म्हणून पिशवीवर 'क्रूड प्रोटीन ३० टक्के' असं दिसलं की लगेच हुरळून जायचं नाही.

मग जादा पैसे नेमके कशाचे?

लातूरच्या माणसाला सोयाबीन समजावून सांगायला नको. तेल काढल्यावर जी पेंड राहते, ज्याला बाजारात डीओसी म्हणतात, तिच्यात प्रोटीन भरपूर असतं आणि कोंबडीच्या मांसापेक्षा ती कितीतरी स्वस्त पडते. मक्याच्या ग्लुटेनचंही तसंच. स्वस्त खाद्यात प्रोटीनचा मोठा भाग अशा वनस्पतींतून येतो. चांगल्या महाग खाद्यात तो कोंबडी, मासा, अंडी यांतून जास्त येतो. दोन्ही पिशव्यांवर आकडा ३० टक्केच दिसेल, पण मांजराच्या आतड्याला दोन्ही सारखे नसतात.

वनस्पतीचं प्रोटीन म्हणजे विष, असं मात्र गिऱ्हाइकाला सांगू नका. ते खोटं आहे. वरून टॉरिन आणि बाकीचे घटक नीट घातले तर असं खाद्यही पूर्ण आहार असू शकतं. फरक पचनात पडतो. पचायला सोपं खाद्य कमी लागतं, विष्ठा कमी होते, वासही कमी येतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या कुटुंबाला हा फायदा पहिल्या महिन्यातच कळतो.

जादा पैशाचा दुसरा वाटा तपासणीचा असतो. प्रत्येक लॉट तपासणं, तज्ज्ञ नेमणं, दरवेळी तोच फॉर्म्युला ठेवणं याला खर्च येतो. तिसरा वाटा वाहतूक, आयात आणि कराचा. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा गाई-म्हशींचं पशुखाद्य करमुक्त राहिलं, पण किरकोळ पॅकमधलं कुत्र्या-मांजराचं खाद्य १८ टक्क्यांच्या गटात गेलं. आणि चौथा वाटा चकचकीत पिशवीचा आणि जाहिरातीचा. पहिल्या दोन वाट्यांसाठी ग्राहकानं पैसे द्यावेत. चौथ्यासाठी कुणी का द्यावेत?

पिशवी उलटी करा आणि या क्रमानं वाचायची सवय लावा:

१. 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड' किंवा 'कम्प्लीट' लिहिलंय का? अमेरिकेतल्या पशुखाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांची ॲफ्को ही संघटना आणि युरोपची फेडियाफ ही संस्था, यांच्या प्रमाणांचा उल्लेख आहे का? 'कॉम्प्लिमेंटरी' लिहिलं असेल तर तो पूर्ण आहार नाही, खाऊ आहे. चाटायच्या क्रीमच्या कांड्या आणि काही पाऊच या गटात येतात.

२. पिल्लाचं आहे की मोठ्याचं? ॲफ्कोच्या प्रमाणानुसार कोरड्या अंशात मोठ्या मांजराला किमान २६ टक्के आणि वाढत्या पिल्लाला किमान ३० टक्के प्रोटीन हवं. टॉरिन कोरड्या दाण्यात किमान ०.१ टक्के आणि डबाबंद ओल्या खाद्यात ०.२ टक्के.

३. घटकांच्या यादीत पहिलं नाव कशाचं आहे? यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते.

४. ओलावा किती? इथे गिऱ्हाईक हमखास फसतं. पाऊचवर ८ टक्के प्रोटीन दिसतं, दाण्यावर ३० टक्के. पण पाऊचमध्ये ८२ टक्के पाणी असेल तर कोरडा भाग फक्त १८ टक्के. ८ भागिले १८ म्हणजे ४४ टक्के. दाण्यात १० टक्के पाणी धरलं तर ३० भागिले ९० म्हणजे ३३ टक्के. म्हणजे प्रोटीन पाऊचमध्ये जास्त निघालं.

५. बनवल्याची आणि संपायची तारीख. ही तर खरेदी करतानाच बघायची, विकताना नाही.

पिशवीचा नको, दिवसाचा भाव काढा

गिऱ्हाईक किलोचा भाव बघतं. तुम्ही त्याला रोजचा खर्च दाखवा. चार किलोचं, नसबंदी झालेलं, घरातच राहणारं मोठं मांजर धरा. त्याला दिवसाला साधारण २२० कॅलरी लागतात. आकडे हिशोबासाठी गोल धरलेत, तुमच्या मालाचे तुम्ही टाका.

स्वस्त दाणा: २२० रुपये किलो, १०० ग्रॅममध्ये ३४० कॅलरी. रोज ६५ ग्रॅम लागेल. खर्च १४ रुपये रोज, महिन्याला साधारण ४३० रुपये.

मधला दाणा: ३८० रुपये किलो, १०० ग्रॅममध्ये ३७० कॅलरी. रोज ६० ग्रॅमच्या आसपास. खर्च २३ रुपये रोज, महिन्याला साधारण ६८० रुपये.

महाग दाणा: ८५० रुपये किलो, १०० ग्रॅममध्ये ४०० कॅलरी. रोज ५५ ग्रॅम. खर्च ४७ रुपये रोज, महिन्याला साधारण १,४०० रुपये.

नुसत्या पाऊचवर ठेवलं तर? ८५ ग्रॅमचा पाऊच ५० रुपयांना आणि त्यात ७० कॅलरी धरल्या तर रोज तीन पाऊच लागतात. म्हणजे १५० रुपये रोज, महिन्याला ४,५०० रुपये.

कंपनीचा सेल्समन सांगतो, "सर, कमी लागतं म्हणून शेवटी स्वस्तच पडतं." हिशोब बघा. किलोच्या भावात फरक जवळजवळ चौपट होता, रोजच्या खर्चात तो सव्वातीनपट झाला. फरक कमी होतो हे खरं, मिटत नाही. गिऱ्हाइकाला "महिन्याला हजार रुपये जास्त लागतील, बदल्यात हे हे मिळेल" असं सांगा. जे तुम्ही आधीच सांगितलं त्यावरून ते नंतर भांडायला येत नाही.

कुणाला 'घ्या' म्हणायचं, कुणाला 'नको'

माझ्या मते महाग खाद्य सगळ्यांसाठी नाही आणि कुणासाठीच नाही असंही नाही. काउंटरवर मी असा भेद करतो.

पिल्लू असेल, वर्षाच्या आतलं, तर बजेट थोडं ताणायला सांगावं. वाढीचं वय परत येत नाही. महागातलंच पाहिजे असं नाही, पण पिल्लासाठीचं 'कम्प्लीट' खाद्यच हवं.

निरोगी मोठं मांजर असेल, वजन बरोबर, केस चमकदार, पोट साफ, तर मधल्या भावाचं चांगलं खाद्य पुरेसं आहे. बळंच वर चढवू नका. उरलेल्या पैशातून वर्षाची लस आणि जंताचं औषध करायला सांगा. मांजराचा त्यात जास्त फायदा आहे.

केस गळतात, वारंवार जुलाब, उलट्या होतात असं असेल तर आधी डॉक्टर. जंत असलेल्या मांजराला ८५० रुपये किलोचा दाणा घातला तरी उपयोग काय?

गल्लीतली सहा-सात मांजरं पोसणाऱ्या काकू असतील तर त्यांना स्वस्तातलं पण 'कम्प्लीट' खाद्य द्या. आधी दूध-पोळीवर असलेली मांजरं त्यावर आली हीच मोठी सुधारणा. त्यांना महाग पिशवी दाखवून कमीपणा वाटेल असं बोलू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बोका वारंवार लघवीला बसतोय, जोर करतोय, ओरडतोय, थेंबही येत नाही, असं कुणी सांगितलं तर काही विकायचं नाही. नरांची मूत्रनळी अरुंद असते, ती बंद पडली तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. "दुकान सोडा, आत्ता डॉक्टरकडे जा," एवढंच म्हणायचं. किडनीचं, मूत्रखड्याचं, शुगरचं जे खास औषधी खाद्य मिळतं ते डॉक्टरनं सांगितल्याशिवाय द्यायचं नाही. आणि घरातली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला विष आहे, हेही जाता जाता सांगत चला.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट, पाणी. मांजर मुळात पाणी कमी पिते आणि दाण्यात पाणी नसतं. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो. ज्या लातुरानं २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलंय, त्याला पाण्याचं महत्त्व मी काय सांगू! उन्हाळ्यात गिऱ्हाइकाला रोज एक पाऊच आणि बाकी दाणा असा मेळ सुचवा, घरात दोन-तीन ठिकाणी पाण्याच्या वाट्या ठेवायला सांगा. दाणा महाग करण्यापेक्षा हा बदल बऱ्याच घरांत जास्त कामाचा असतो.

आता तुमच्या गल्ल्याचा हिशोब

इथे नवे दुकानदार अडकतात. वितरक सांगतो, "महाग मालात मार्जिन जास्त." बरोबर आहे. पण मार्जिन टक्क्यात बघायचं नसतं, पैसा महिन्यात किती फेऱ्या मारतो ते बघायचं असतं.

समजा स्वस्त दाण्याची ३ किलोची पिशवी तुम्हाला ६०० ला पडते, ६६० ला जाते. नफा ६०. ती दहा दिवसांत विकली जाते, म्हणजे त्याच ६०० रुपयांच्या महिन्यात तीन फेऱ्या. महिन्याचा नफा १८०. शंभर रुपयांमागे ३० रुपये.

महाग दाण्याची २ किलोची पिशवी १,४५० ला पडते, १,७०० ला जाते. नफा २५०. पण ती रॅकवर ६० दिवस बसते. म्हणजे महिन्याला अर्धी फेरी, नफा १२५. शंभर रुपयांमागे साडेआठ रुपये. त्यात तारीख संपली तर मुद्दलही गेलं. भाडं, लाइट बिल आणि बँकेचा हप्ता मात्र रॅकवरच्या पिशव्यांकडे बघून थांबत नाहीत.

मग महाग माल ठेवूच नये का? थांबा, हिशोब अजून अर्धाच झालाय. आता पिशवी सोडा, गिऱ्हाईक मोजा.

एक मांजर रोज ५५ ग्रॅम खाऊन २ किलोची पिशवी ३६ दिवसांत संपवतं. म्हणजे वर्षाला दहा पिशव्या, नफा २,५०० रुपये. एक मांजर स्वस्त ३ किलोची पिशवी ४६ दिवसांत संपवतं. वर्षाला आठ पिशव्या, नफा ४८० रुपये. म्हणजे महाग खाद्याचं एक पक्कं गिऱ्हाईक स्वस्ताच्या पाच गिऱ्हाइकांएवढं. आणि त्या सहा मांजरांच्या काकू? त्यांची ३ किलोची पिशवी आठ दिवसांच्या आत संपते. वर्षाला ४७ पिशव्या, नफा २,८०० रुपयांच्या वर! महाग गिऱ्हाइकापेक्षाही जास्त. म्हणून कपड्यांवरून आणि पिशवीच्या भावावरून गिऱ्हाईक मोजू नका.

यातून नियम निघतो तो असा: महाग माल आधी भरून गिऱ्हाइकाची वाट बघायची नाही. गिऱ्हाईक आधी पक्कं करायचं, मग माल मागवायचा. एक साधी वही ठेवा. नाव, मांजराचं वय, कोणतं खाद्य, पिशवी नेल्याची तारीख, पुढची पिशवी लागायची तारीख. ३० व्या दिवशी व्हॉट्सॲप करा, "ताई, मिनूचा दाणा संपत आला असेल, मागवून ठेवू का?" हो म्हणाल्या की वितरकाला ऑर्डर. पिशवी दुकानात चार-पाच दिवस राहील, ६० दिवस नाही. ऑनलाइनवाला सवलत देईल, पण एवढी आठवण ठेवून विचारपूस करणार नाही.

सुरुवातीला रॅक असा लावा: स्वस्त आणि मधला माल भरपूर, महाग मालाचे फक्त छोटे पॅक, दोन-तीन प्रकारांचे. मोठ्या महाग पिशव्या बुकिंगवर. डॉक्टरी खाद्य तर पूर्ण बुकिंगवर. वितरकाकडून तारीख जवळ आलेला माल बदलून मिळेल का, हे आधीच लेखी घ्या. तोंडी 'हो' वर विसंबू नका.

जीएसटीचं एक लक्षात ठेवा. तुमची नोंदणी नसेल किंवा तुम्ही कंपोझिशनमध्ये असाल, तर खरेदीवर भरलेला कर परत मिळत नाही. नफा काढताना खरेदी किंमत करासकट धरा. नाहीतर कागदावर १५ टक्के नफा आणि खिशात काहीच नाही, असं होतं.

ऊन, उंदीर आणि सुटी विक्री

महाग खाद्यात मांसाची चरबी जास्त. उन्हात तापलेल्या पत्र्याच्या गोदामात ती खवट होते. मांजराचं नाक फार तिखट, खवट दाण्याला ती तोंडही लावत नाही. मग गिऱ्हाईक म्हणतं, "तुमचा माल डुप्लिकेट आहे." कंपनीचं नाव खराब होत नाही, तुमचं होतं. म्हणून पिशव्या भिंतीपासून लांब, जमिनीपासून वर, सावलीत. जुनी तारीख पुढे, नवी मागे.

सुटं विकायची आपल्याकडे सवय आहे, शंभर-दोनशे ग्रॅम. समोर वजन करून दिलं तर गोष्ट वेगळी. पण मोठी पिशवी फोडून आधीच पुड्या बांधून ठेवल्या तर २०११ च्या वैधमापन पॅकबंद वस्तू नियमांनुसार तुम्ही पॅकर ठरता. मग नोंदणी, पुडीवर नाव-पत्ता, निव्वळ वजन, तारीख, एमआरपी सगळं आलं. महाग माल तर सुटा विकूच नका. पिशवी फोडली की वास उडतो, महिन्या-सव्वा महिन्यात तो संपायला हवा, आणि गिऱ्हाइकाकडे तारखेचा काही पुरावा राहत नाही.

काउंटरवर तीन प्रश्न

भाव सांगायच्या आधी तीनच प्रश्न विचारा. मांजर किती महिन्यांचं? आत्ता काय खातंय? तब्येतीची काही तक्रार आहे का? उत्तरांतच माल ठरतो.

नवं खाद्य देताना नेहमी छोटा पॅक द्या आणि बदलायची पद्धत सांगा. जुन्यात पाव भाग नवं, दोन-तीन दिवसांनी निम्मं, मग पाऊण, आठ-दहा दिवसांत पूर्ण. "भूक लागली की खाईल" असं म्हणून उपाशी ठेवू द्यायचं नाही. मांजर, त्यातही जाड मांजर, काही दिवस उपाशी राहिलं तर त्याचं यकृत बिघडतं. एक दिवस काहीच खाल्लं नाही तर जुनं खाद्य परत सुरू करायला सांगा, त्यालाही तोंड लावलं नाही तर डॉक्टर.

आणि जवळच्या पशुवैद्यकांना जाऊन भेटा. आपल्याकडे जनावरांचा दवाखाना म्हटलं की गाय-म्हैस-शेळी हेच डोळ्यांसमोर येतं, पण उदगीर आणि परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथून शिकलेले डॉक्टर आपल्या भागात काम करतात. तुम्ही पेशंट वेळेवर पाठवता हे त्यांना दिसलं, तर ते तुमच्याकडे गिऱ्हाईक पाठवतील. त्यासाठी कमिशनची भाषा लागत नाही.

या आठवड्याचं काम

दुकान टाकायच्या आधी हे करा. तुमच्या गावातल्या दोन दुकानांतून तीन भावांचे तीन छोटे पॅक आणा. पिशवीमागचं सगळं वाचा. कॅलरी लिहिलेल्या नसतील तर किती ग्रॅम द्यायचं त्याचा तक्ता असतो, तो घ्या. तिन्हींचा रोजचा खर्च काढा. मग मांजर पाळणारी दहा घरं शोधा आणि विचारा, काय घालता, महिन्याला किती खर्च होतो, शेवटचं कधी नेलं. दहापैकी किती घरं महाग दाणा घेतात, तो आकडा तुमच्या रॅकचा नकाशा आहे. दोन घरं घेत असतील तर दोन घरांपुरता माल, दहा घरांपुरता नाही.

चौपट भावाच्या पिशवीला हात लावून कुणी विचारलं, "घेऊ का?", तर त्याच्या मांजराकडे बघून उत्तर द्या. ज्याला गरज नव्हती त्याला तुम्ही स्वस्त पिशवी दिली, हे ते गिऱ्हाईक चार जणांना सांगतं. आणि ज्या दिवशी त्याच्या मांजराला खरंच महाग खाद्याची गरज पडते, त्या दिवशी ते तुमच्याकडेच येतं आणि भाव न विचारता मागवतं.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत वही काढा, हिशोब मांडा.